कॅग्नी अँड लेसी: दोन डिटेक्टिव्ह आणि त्यांची नोकरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिला पोलीस अधिकाऱ्यांवर वेबमालिका लिहायला घेतली आहे आणि एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी 'कॅग्नी अँड लेसी' बघून घे असं सुचवलं आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीची अमेरिकन मालिका बघून आज हाताला काही लागेल का, की तीही 'चार्लीज एंजल्स'च्याच जातकुळीतली? बघायची तर कुठून सुरुवात करायची? आणि दोघींमधली भांडणं किती ताणायची?

मी 24 वर्षं क्राइम शोच्या पटकथा आणि संवाद लिहिते आहे. ही मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा शिकाऊ लेखिका असताना, दुसऱ्यांदा माझी स्वतःची एक मालिका बंद पडल्यावर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

'एंजल्स'चं आधी सांगते, कारण तिथे फरक लगेच दिसतो. 'चार्लीज एंजल्स' 1976 ते 1981 एबीसी या अमेरिकन चॅनेलवर चालली. तिच्या सुरुवातीलाच सांगितलं जातं की तीन मुली पोलीस अकादमीत गेल्या, त्यांना तिथे फुटकळ कामं मिळाली, आणि मग चार्ली नावाच्या गृहस्थाने त्यांना तिथून काढून आपल्याकडे घेतलं. हा चार्ली दिसत नाही, फक्त स्पीकरवरून बोलतो आणि केस देतो. म्हणजे पोलीस खात्यात बायकांना फुटकळ कामं का मिळतात, हा खरा प्रश्न त्या मालिकेने पहिल्याच मिनिटात उचलला आणि तिथेच सोडून दिला. त्या मालिकेला मी कमी लेखत नाही. तीन बायकांच्या जिवावर आठवड्याचा तास चालतो हे तिने चॅनेलवाल्यांना आकड्यांत दाखवून दिलं. पण त्या तिघींना घरभाडं भरायचं असतं, पाठ दुखते, वरिष्ठांची सही लागते, हे तिथे कधी जाणवत नाही.

'कॅग्नी अँड लेसी' नेमकी त्या सोडून दिलेल्या प्रश्नापाशी सुरू होते. 8 ऑक्टोबर 1981 ला सीबीएस या चॅनेलवर तिचा दूरचित्रपट, म्हणजे टीव्हीसाठीच केलेला सिनेमा, दाखवला गेला. न्यूयॉर्कच्या दोन गणवेशातल्या पोलीस बायकांना चांगल्या कामगिरीबद्दल डिटेक्टिव्ह म्हणून बढती मिळते. आणि बढतीनंतरचं काम काय, तर वेश्येचे कपडे घालून रस्त्यावर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकं पकडायची. पुरुष सहकाऱ्यांना खून, दरोडे, यांना हे. पुढच्या सगळ्या मालिकेचं बी या एका प्रसंगात आहे. तुमच्या पायलटसाठी, म्हणजे पहिल्या एपिसोडसाठी, तो प्रसंग दहा वेळा बघा.

मला या मालिकेबद्दल जे सांगायचं आहे ते एका शब्दात मावतं: नोकरी. तिच्याआधीच्या बहुतेक महिला डिटेक्टिव्ह शूर होत्या, हुशार होत्या, सुंदर होत्या. क्रिस्टीन कॅग्नी आणि मेरी बेथ लेसी नोकरदार आहेत. त्यांना शिफ्ट आहे, ड्युटी आहे, बढतीची परीक्षा आहे, साहेबांचा मूड आहे, कागदपत्रं भरायची आहेत. गुन्हा त्यांच्याकडे येतो तो कामाच्या ढिगातलं आणखी एक काम म्हणून. डबा, मस्टर आणि 'आज उशीर होईल' हा फोन ज्यांच्या आयुष्याचा भाग आहे त्या कुठल्याही बाईला ही मालिका सबटायटल नसतानाही कळेल, असं मला मनापासून वाटतं.

हे सहज झालेलं नाही. बार्बरा ॲव्हेडन आणि बार्बरा कॉर्डे या दोन लेखिकांना आणि निर्माता बार्नी रोझेन्झ्वाइग यांना ही कल्पना 1974 च्या सुमाराला सुचली. त्या वर्षी मॉली हॅस्केल या समीक्षिकेचं हॉलिवूडमधल्या स्त्रीचित्रणावरचं पुस्तक आलं होतं. दोन पुरुष मित्रांचे सिनेमे ढिगाने येतात, मग दोन मैत्रिणींचे का नाहीत, हा प्रश्न रोझेन्झ्वाइगना त्यातून मिळाला. आधी हा मोठ्या पडद्याचा विनोदी सिनेमा व्हायचा होता, पण स्टुडिओंनी नकार दिला. सात वर्षांनी दूरचित्रपट झाला तेव्हा त्यातला विनोदी धांगडधिंगा गळून गेला होता आणि उरल्या होत्या दोन बायका आणि त्यांचं काम. कधी कधी नकार पटकथेचं भलं करतो. तुमच्याही हातात नकाराचं पत्र असेल तर ते फाडून टाकू नका.

दूरचित्रपटात कॅग्नी होती लॉरेटा स्विट. पण ती 'मॅश' या मालिकेच्या करारात बांधलेली होती, म्हणून मार्च 1982 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा कॅग्नी झाली मेग फॉस्टर. लेसी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, टाइन डेली. या डेलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 1976 च्या 'द एन्फोर्सर' सिनेमात क्लिंट ईस्टवुडची नवी पोलीस जोडीदार तिनेच केली होती. त्या बाईला पुरुष सहकाऱ्याकडून मान मिळतो खरा, पण शेवटाकडे ती गोळी लागून मरते. पाच वर्षांनी त्याच अभिनेत्रीला अशी पोलीस बाई मिळाली जिला मरून काही सिद्ध करायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं होतं.

मेग फॉस्टरचे भाग झाले फक्त सहा. मग सीबीएसने अट घातली: मालिका चालवायची तर कॅग्नी बदला. चॅनेलच्या एका अधिकाऱ्याने नाव न सांगता 'टीव्ही गाइड' या मासिकाला कारण सांगितलं. या दोघी फार कडक वाटतात, पुरेशा बायकी नाहीत, व्यवस्थेशी सारख्या भांडतात, आणि प्रेक्षकांना त्या समलिंगी वाटतील अशी भीती आहे. फॉस्टरचा अभिनय वाईट होता असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. दोन कणखर बायका शेजारी शेजारी बसवल्या आणि त्यातली एक अविवाहित ठेवली, एवढंच पुरलं. आणि अभिनेत्री बदलून ते थांबले नाहीत, पात्राचा वर्गही बदलला. नवी कॅग्नी, म्हणजे शॅरन ग्लेस, श्रीमंत घरातल्या आईची मुलगी झाली, तिचे कपडे उंची झाले. बाप मात्र न्यूयॉर्क पोलिसातला निवृत्त शिपाईगडी राहिला. मला फॉस्टरबद्दल आजही हळहळ वाटते. 2007 साली डीव्हीडी आली तिच्यावर 'पहिला सीझन' असं लिहून ग्लेसचे भाग दिले होते, फॉस्टरचे सहा भाग त्यात नव्हते. एका अभिनेत्रीला दुसऱ्यांदा वगळल्यासारखं झालं ते.

तरीही एक लेखिका म्हणून हे मान्य करावं लागतं की चॅनेलच्या या ढवळाढवळीतून लेखकांनी सोनं काढलं. श्रीमंत आई आणि दारूडा पोलीस बाप यांच्यामध्ये वाढलेली, बापासारखं व्हायची ओढ असलेली कॅग्नी ही त्या तडजोडीतून तयार झाली. पहिल्या रूपात दोघी एकमेकींसारख्याच होत्या. आता एक मॅनहॅटनमध्ये एकटी राहणारी, महत्त्वाकांक्षी, नियमांकडे बापाच्या नजरेने बघणारी, आणि दुसरी क्वीन्समध्ये नवरा आणि दोन मुलांसोबत राहणारी, पगाराचा हिशोब करणारी, आरोपीतही आधी माणूस शोधणारी. मतभेदाला जागा तयार झाली.

आता मला जिथे सगळ्यात जास्त थांबायचं आहे तिथे येते. या मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांची जागा कुठली माहीत आहे? चौदाव्या प्रिसिंक्टमधलं, म्हणजे त्यांच्या पोलीस ठाण्यातलं, बायकांचं टॉयलेट. दोघी त्याला 'द जेन' म्हणतात. बाहेर पुरुषांनी भरलेला हॉल, लेफ्टनंट सॅम्युएल्सची केबिन, टेबलं, टाइपरायटर, टवाळी. या एका खोलीत पुरुष येऊ शकत नाहीत. तिथे आरशासमोर उभं राहून त्या एकमेकींना खरं बोलतात. साक्षीदार खोटं बोलतोय का, साहेबांना काय सांगायचं, आणि तुझं काय चाललंय. लेखनाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. तपासाचा सीन आणि मनाचा सीन वेगवेगळे लिहावे लागत नाहीत, एकाच जागी दोन्ही घडतात. आणि ती सोय खोटी वाटत नाही, कारण पुरुषांच्या कार्यालयात बायका खरोखर तिथेच जाऊन बोलतात.

यावरून माझा अनुभव सांगते. एका महिला उपनिरीक्षकावर मी मालिका लिहीत होते. अभ्यासासाठी उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात दोन आठवडे जाऊन बसले. तिथल्या एका महिला हवालदार ताईंनी मला सांगितलं की गणपतीच्या बंदोबस्ताला असल्या की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आम्हा दोघींना माहीत होतं. तो प्रसंग मी पाचव्या एपिसोडमध्ये लिहिला. चॅनेलने तो काढायला लावला, प्रेक्षकांना 'कसंतरी' वाटेल म्हणून. त्याच्या जागी नायिका ड्युटीवरून घरी येऊन सासूसाठी मोदक वळते असा सीन घातला. मी लिहून दिला. तो निर्णय माझाही होता, आणि मला त्याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की त्या ताईंनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी वाऱ्यावर सोडली. तुम्ही तसं करू नका. असा एखादा सीन तुमच्याकडे असेल तर पहिल्याच एपिसोडमध्ये घाला, म्हणजे तो काढायचा तर अख्खा एपिसोड पुन्हा लिहावा लागेल.

महाराष्ट्रात 2022 साली महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायचा प्रयोग सुरू झाला. त्या चार तासांत एका बाईच्या घरी काय काय बदलतं, यावर एक अख्खा सीझन उभा राहील. लेसीचा नवरा हार्वे आठवा. बांधकामावर काम करणारा माणूस, अधूनमधून बेकार, पण स्वयंपाक करतो, मुलांचं बघतो, बायको रात्री दोनला परतली की जागा असतो. जॉन कार्लेन यांनी तो केला आणि 1986 ची एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळवली. लेखकांनी त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजरही केला नाही आणि देवमाणूसही केला नाही. त्याला बायकोच्या नोकरीची भीती वाटते, कधी राग येतो, आणि बेकारीत तिच्याच पगारावर घर चालतं याचा सल असतो. तुमच्या कथेत नवरा असेल तर त्याला खलनायक करायचा मोह टाळा. नोकरी करणाऱ्या बाईच्या घरातला ताण दुष्ट नवऱ्यामुळेच येतो असं नाही. चांगल्या नवऱ्याच्या घरातही भांडी पडून राहतातच.

मालिका बंद पडली आणि परत आली, ती हकीकत तुमच्या दिग्दर्शकांनी सांगितली असेलच, म्हणून आटोपतं घेते. 1983 च्या मे महिन्यात कमी रेटिंगमुळे सीबीएसने ती बंद केली. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला, उन्हाळ्यातल्या पुनर्प्रक्षेपणाला रेटिंग चढलं, आणि सप्टेंबरमध्ये टाइन डेलीला एमी मिळाली. मार्च 1984 मध्ये मालिका परत सुरू झाली आणि मे 1988 पर्यंत चालली. एकूण 125 भाग. 1983 ते 1988 या सहाही वर्षी नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीची एमी या दोघींपैकीच एकीला मिळाली: डेलीला चार वेळा, ग्लेसला दोन वेळा. 1985 आणि 1986 ला सर्वोत्तम नाट्यमालिकाही हीच. पत्र लिहिणाऱ्यांत बायका बहुसंख्य होत्या आणि त्यांच्या म्हणण्याचा गाभा सारखाच होता: टीव्हीवर माझ्यासारखी बाई पहिल्यांदा दिसली.

परत आल्यानंतरची मालिका धीट झाली. 1985 च्या सुरुवातीला लेसीला स्तनात गाठ लागते. त्या दोन भागांत ती आधी घाबरून कुणाला सांगत नाही, मग कळतं की पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढून किरणोपचार घेण्याचा पर्याय आहे. डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या मोठ्या चाचणीचे त्या पर्यायाला आधार देणारे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात छापून आले मार्च 1985 मध्ये. म्हणजे अनेक बायकांनी हा पर्याय आपल्या डॉक्टरआधी एका पोलीस मालिकेतून ऐकला असणार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गर्भपात केंद्रावरच्या बॉम्बहल्ल्याचा भाग आला. गर्भपातविरोधी संघटनांनी तो दाखवू नका म्हणून दबाव आणला, सीबीएसने दाखवला. त्यात कॅथलिक कॅग्नी अडखळते आणि दोन मुलांची आई असलेली लेसी ठाम राहते. अपेक्षेच्या नेमकं उलट. मला तो भाग त्याच्या विषयापेक्षा या वाटणीसाठी आवडतो. मत कुणाच्या तोंडी घालायचं हे ठरवताना पात्राचा भूतकाळ उघडावा लागतो, घोषणा देऊन भागत नाही.

पण सगळं चांगलंच आहे असं नाही. मधल्या वर्षांत 'या आठवड्याचा विषय' अशी सवय लागली, आणि काही भागांत दोघी बायका न राहता परिसंवादातल्या वक्त्या होतात. तिथे पुढे ढकलून बघा, काही बिघडत नाही. डिटेक्टिव्ह पेट्री हा कृष्णवर्णीय सहकारी, कार्ल लम्बली यांनी छान केला आहे, पण 1980 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या वर्णभेदाबद्दल मालिका त्याच्या वाट्याला फार थोडं देते. पोलिसांच्या मारहाणीबद्दलही ती हात आखडता घेते. आज तुम्ही हेच लिहाल तर ही गाळलेली जागा तुम्हाला भरावी लागेल. गतीही संथ आहे. बरंचसं चित्रण लॉस एंजेलिसमध्ये झालं आहे आणि ते अधूनमधून लपत नाही.

आता तो भाग ज्यासाठी बाकी सगळं बघायचं. मार्च 1987 मधले 'टर्न, टर्न, टर्न' हे दोन भाग, लेखिका जॉर्जिया जेफ्रीज. कॅग्नी पिते हे आपल्याला अनेक वर्षं दिसत आलेलं असतं. ड्युटीनंतर एक पेग, बापाबरोबर बारमध्ये एक पेग. लेखकांनी कधी बोट दाखवलं नाही. पोलीस खात्यात पिणं हे पुरुषांत सामावून जाण्याचं साधन होतं, आणि बापाशी जोडणारा धागाही. मग बाप दारूच्या नशेत घरात पडून मरतो आणि ती कोसळते. लेसी तिच्या घरी जाते तेव्हा शॅरन ग्लेसने जे केलं आहे ते बघताना मी लेखिका आहे हे विसरते. शेवटी ती मद्यपींच्या मदतगटात उभी राहून आपलं नाव सांगते. त्या कबुलीला पाच वर्षांची पूर्वतयारी आहे. आपल्याकडे व्यसनाचा ट्रॅक साधारण सहा आठवड्यांत सुरू होऊन संपतो, आणि नायिकेला तर सहसा दिलाच जात नाही. तुमच्या नायिकेचा शेवटच्या सीझनमधला पडण्याचा क्षण ठरला असेल तर त्याचं पहिलं, निरुपद्रवी दिसणारं चिन्ह पायलटमध्येच टाकून ठेवा आणि त्यावर कुणालाही संवाद देऊ नका.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय, असं विचाराल तर माझं उत्तर 1989 ची दूरदर्शनवरची 'उडान'. कविता चौधरी यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगची भूमिकाही केली. आधार त्यांच्या बहिणीचा, कांचन चौधरी भट्टाचार्य यांचा. त्या पुढे 2004 साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, त्या पदावरच्या देशातल्या पहिल्या महिला. 'उडान'मध्ये गणवेश मिळवण्याची गोष्ट आहे. 'कॅग्नी अँड लेसी'मध्ये गणवेश मिळाल्यानंतरच्या रोजच्या सोमवारांची. तुमची कथा या दोन्हीनंतरची आहे. मुली आता भरतीत येतात, परीक्षा देतात, मीरां चढ्ढा बोरवणकरांसारख्या अधिकारी मुंबईच्या गुन्हे शाखेच्या प्रमुखपदीही पोचल्या. 'बाई पोलीस होऊ शकते का' यावर एकही सीन खर्च करू नका. वीस वर्षं पोलिसात राहिल्यावर ती कशी होते, हे लिहा.

बघण्याचा क्रम मी असा सांगेन. आधी 1981 चा दूरचित्रपट. मग मेग फॉस्टरचा एखादा भाग मिळाला तर तो, म्हणजे काय बदललं ते डोळ्यांना कळेल. मग 1984 च्या पुनरागमनापासून पुढे, वेळ मिळेल तसं. आणि 'टर्न, टर्न, टर्न' थेट उघडू नका, त्याआधी कॅग्नीच्या बापाचे निदान तीन-चार भाग बघा. 1994 ते 1996 मध्ये चार पुनर्भेट चित्रपटही आले. ते या दोघींवर प्रेम जडलं तरच बघा. ग्लेसच्या काळातली शीर्षकंही चुकवू नका. बिल कॉन्टी यांचं संगीत, दोघी रस्त्यावरून चाललेल्या, आणि एक माणूस त्यांच्यासमोर रेनकोट उघडतो. दोघी शांतपणे आपापले बिल्ले काढून दाखवतात. एक शब्द न बोलता दोघी कोण आहेत ते कळतं.

राहिलं भांडण. दोघी या मालिकेत खूप भांडतात: कॅग्नीच्या बढतीवरून, पैशांवरून, एखाद्या आरोपीला किती दाबायचं यावरून, आणि दारूवरून तर फारच कडू. कॅग्नी सार्जंट होते तेव्हा जोडीदारच वरिष्ठ होते, आणि तो सल लेखक लगेच मिटवत नाहीत. पण भांडण किती ताणायचं याचं माप त्यांच्याकडे सोपं होतं. सकाळी दोघींना एकाच गाडीत बसायचं असतं. म्हणून अबोला असला तरी पत्ता सांगावा लागतो, कॉफी आणली तर दोन कप आणाव्या लागतात, आणि दार फोडून आत जाताना पाठ कोण सांभाळतंय हे बघावंच लागतं. तुमच्या दोघींनाही एकच जीप द्या. चॅनेलने वेगवेगळ्या गाड्या सुचवल्या तर नाही म्हणा.